एका वेळी एकच काम: सवय की चैन?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

ऑफिसात नव्याने आलेल्या एका मुलाने परवा डबा खाताना विचारलं, "सर, तुमचं काम रोज साडेपाचला संपतं कसं?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. तो हसला. तुम्हीही हसा, पण मग कुठे चुकतंय तेही सांगा.

मी पहाटे पाचला उठणाऱ्यांतला नाही. साडेसहाला उठतो, चहा पितो, पेपर चाळतो. गार पाण्याची अंघोळ, कृतज्ञतेची डायरी असल्या भानगडीत कधी पडलो नाही. माझ्या सवयी तीन, आणि तिन्ही चिल्लर.

रात्री जेवणं झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात एक काम लिहून ठेवतो. एकच. चौकोन एवढासा असतो, दुसरं मावतच नाही, आणि तोच त्याचा फायदा. वही घेतली की यादी होते. यादी झाली की त्यातली सोपी सोपी कामं उरकून आपण फार कामसू असल्यासारखं वाटतं, आणि जे करायला हवं होतं ते तसंच राहतं. मी विम्याचे क्लेम तपासतो. माझा चौकोन म्हणजे "दूध अर्धा लि. जास्त" याच्या खाली "पनवेलची जाडी फाईल".

दुसरी गोष्ट फोनची. आमचं वन बीएचके, त्यामुळे "दुसऱ्या खोलीत ठेवा" म्हणजे स्वयंपाकघर. रात्री फोन तिथे फळीवर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. ऑफिसात बॅगेत, आणि बॅग कपाटात. माझी इच्छाशक्ती दांडगी आहे म्हणून नाही, ती नाहीच म्हणून. समोर फरसाणाची बशी ठेवून "खाणार नाही" म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. बशी आत नेऊन ठेवली तर मात्र उठून जायचा कंटाळा येतो. माझी सगळी भिस्त त्या कंटाळ्यावर आहे.

तिसरी, गाडी. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून लोकलने तुर्भ्याला जातो. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे एक सोडली तर पुढचीत बसायला मिळतं. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं काही बघत नाही, कानात काही घालत नाही. दिघा, ऐरोली, रबाळे जाईपर्यंत डोक्यात नुसती गर्दी असते: हप्ता, मुलाची फी, काल कोणाला काय बोललो. घणसोलीच्या आसपास ती उतरते आणि फाईल कुठल्या पानापासून उघडायची ते सुचतं. रोज सुचतं असं नाही. आठवड्यातून तीनदा म्हणा.

माझं म्हणणं एवढंच, की लक्ष लागणं ही स्वभावाची नाही, मांडणीची गोष्ट आहे. कोणालाही जमेल. एकवीस दिवस करून बघा, सवय लागतेच.

उलटतपासणी

शेवटापासून सुरू करतो. ते एकवीस दिवस मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचे. आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. पुढे त्यातलं "किमान" गळालं, चेहराही गळाला, आणि उरलेलं फॉरवर्ड होत होत तुमच्यापर्यंत आलं.

२०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक छोटी गोष्ट निवडून ती रोज ठरल्या वेळेला करायची होती, म्हणजे जेवताना पाणी पिणं वगैरे. अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत! एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यात निघालं. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

फोनबाबत तुमच्या बाजूने थोडंसं. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठात काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत ठेवून परीक्षा घेतल्या. सगळ्यांचे फोन सायलेंट. तरी दुसऱ्या खोलीवाल्यांना टेबलवाल्यांपेक्षा बरे गुण पडले. नंतर इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा दरवेळी तसं आलं नाही. तेव्हा पिठाचा डबा खुशाल चालू ठेवा, पण कोणाला विज्ञान म्हणून सांगू नका.

ताळेबंद

माझा आक्षेप "कोणालाही जमेल" या दोन शब्दांना आहे.

नौपाड्यात एका सीएंकडे अकाउंटंट आहे मी. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून ठेवलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न). प्रोप्रायटर क्लाएंटचं रिटर्न आम्ही तयार करतो, पण ओटीपी जातो त्यांच्या मोबाइलवर. म्हणजे मी इकडे बटण दाबायचं, तिकडे शेठ लग्नाच्या पंगतीत, मी फोन लावायचा, ते "थांब हं, चष्मा नाही" म्हणणार, आणि ओटीपी मरणार. परत पहिल्यापासून. २० तारीख टळली तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. फोन बॅगेत आणि बॅग कपाटात ठेवली तर संध्याकाळपर्यंत मीही कपाटातच जाईन.

तुमचं काम जाड्या फाईलचं आहे. फाईल पळून जात नाही.

पाचपाखाडीकर

ओटीपीपुढे हात टेकले. पण वीस तारीख महिन्यातून एकदाच येते ना? बाकीच्या दिवशी काय अडचण?

ताळेबंद

सात, अकरा, वीस, मग महिनाअखेरचे पगार, मग परत सात. तुमच्या कॅलेंडरवर मांडून बघा, मोकळा चौकोन सापडला की कळवा.

घोडबंदरी

तुमच्या तिन्ही सवयी उद्यापासून पाळल्या आणि काम तीन वाजता संपलं, तर काय होईल? सव्वातीनला मॅनेजर शेजारच्याचं काम माझ्याकडे ढकलेल. हे अंदाजाने लिहीत नाहीये, दोनदा झालंय. तेव्हापासून मी काम संध्याकाळपर्यंत ताणतो आणि सहाला पाच कमी असताना मेल पाठवतो. ज्याला तुम्ही लक्ष नसणं म्हणता ती आमच्याकडे स्वसंरक्षणाची सोय आहे.

आणि गाडीचं कौतुक जरा आवरा. कापूरबावडीला बसमध्ये उभं राहून, समोरच्याची सॅक तोंडावर घेऊन चिंतन करून दाखवा.

वाशीवाला

सॅकबद्दल अनुमोदन. बाकीचं वाचतोय.

सुगरण_नव्हे

मी कोपरखैरण्यात घरून डबे देते. ३८ डबे, प्रत्येकात तीन पोळ्या, म्हणजे ११४. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते. लाटायला एक ताई येतात, मी भाजते. त्याच वेळी मागच्या शेगडीवर आमटी, शेजारी भाजी, कोपऱ्यात कुकर. डबे नेणारा मुलगा आठ दहाला खालून हॉर्न देतो आणि दोन मिनिटांच्या वर थांबत नाही, कारण त्याला पुढे गाडी पकडायची असते. एका वेळी एकच काम करत बसले तर शेवटचा डबा दुपारच्या चहाला पोचेल.

फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा असतो, काच पिठाने माखलेली. "आज डबा नको" असे मेसेज पहाटेपासून येतात. बघितला नाही तर तो डबा आमच्याच ताटात.

पण हेही सांगते, की मी वेंधळी नाही. कुठल्या शेगडीवर काय चाललंय ते मला पाठ फिरवूनही कळतं. तेल तडतडण्याचा आवाज बदलला की हात आपोआप मागे जातो. याला एकाग्रता म्हणायचं नसेल तर दुसरं नाव शोधा. माझा मुलगा त्या पोमोदोरो पद्धतीने अभ्यास करतो, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी. चौकशी केली तर कळलं, १९८० च्या दशकाच्या शेवटी चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर वापरून ती काढली. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. यंत्र आमच्या स्वयंपाकघरातलं उचलून नेलं, आणि आता आम्हालाच शिकवायला आले.

जाता जाता एक विचारू का दादा? सकाळी पोळ्यांसाठी तो पिठाचा डबा उघडावा लागत असेल ना? तेव्हा झाकणावरचा फोन कोण उचलून ठेवतं?

वाशीवाला

आता खरा धागा सुरू झाला.

पाचपाखाडीकर

विचारून सांगतो.

रात्रपाळी

इथे बहुतेक सगळे धागाकर्त्यावर तुटून पडलेत, म्हणून मी थोडी त्याच्या बाजूने. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात आयसीयूत नर्स आहे. आमच्या कामात दुसरी खोली नाही, कॅलेंडर नाही. मॉनिटर वाजला की हातातलं टाकून धावायचं. तरीसुद्धा औषध भरताना एका वेळी एकच. पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाचही तोंडाने म्हणत तपासते. तेवढ्यात नातेवाईकाने "सिस्टर, जरा..." म्हटलं तर डावा हात वर करते, वळून बघत नाही. लोकांना राग येतो. येऊ दे. काही देशांत औषधाच्या फेरीला नर्स अंगात "बोलू नका" असं लिहिलेलं जॅकेट घालतात. मला तसं एक हवंय.

आणि मॉनिटरमुळे मध्येच जावं लागलं तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून नाही, पहिल्यापासून. "तिसऱ्यापर्यंत झालं होतं बहुतेक" हा "बहुतेक" आमच्याकडे चालत नाही.

त्यामुळे दिवसभराची एकाग्रता वगैरे मला माहीत नाही. मला चार मिनिटांची माहीत आहे. तेवढी जमते.

घोडबंदरी

तुमचं मान्य, सिस्टर. पण तुमच्या चार मिनिटांमागे जीव आहे. आमच्या एक्सेलमागे काय आहे?

रात्रपाळी

पगार असेल ना?

उलटतपासणी

सिस्टरनी सांगितलं त्याची दुसरी बाजू. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मन मागच्यात रेंगाळतं आणि पुढचं काम कच्चं होतं. लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये त्यावर साधा उपाय तपासला: उठण्याआधी कुठे आलो होतो आणि परतल्यावर पहिलं काय करायचं, ते दोन ओळींत लिहायचं. तेवढ्याने रेंगाळणं कमी होतं. फोन कुठे ठेवावा यापेक्षा ताळेबंद ताईंना हे जास्त उपयोगी पडेल. शेठ चष्मा शोधेपर्यंत दोन ओळी सहज होतात.

ताळेबंद

ताई नाही, दादा. आणि हे मी करतो. लेजरच्या प्रिंटवर पेन्सिलीने छोटा बाण. त्याचं कौतुक होण्यासारखं काही आहे हे आज कळलं.

जुना_नौपाडा

वय ७१, टायपिंग सावकाश. बाणावरून आठवलं म्हणून लिहितो.

आमची आई रोज दुपारी पोथी वाचायची. चाळीत, सात माणसांच्या घरात, दार सताड उघडं. पाणी आलं, कोणी साखर मागायला आलं, पोर पडलं, प्रत्येक वेळी उठायची. उठताना पानात मोरपीस ठेवायची, आणि ते नुसतं पानात नाही, ज्या ओवीवर होती तिच्या बरोबर खाली आडवं. परत आली की मोरपीस उचलायची, ती ओवी पुन्हा एकदा म्हणायची आणि पुढे जायची. एका दुपारी मी मोजलं होतं, नऊ वेळा उठली. अध्याय पुरा केला.

मी निवृत्त होईपर्यंत सरकारी कचेरीत होतो. स्वतंत्र केबिन होती, दाराला शिपाई होता. सांगायला लाज वाटते, पण एवढं काम माझ्याकडून एका बैठकीत क्वचितच झालं.

धागाकर्त्यांना एवढंच सांगायचं आहे, की तुम्ही न उठण्याची तयारी करताय. आई उठण्याची तयारी करून बसायची.

सुगरण_नव्हे

काका, तुमच्या आईंना माझा नमस्कार. पण एक राहिलं. नऊ वेळा आईच का उठत होत्या? घरात बाकी सहा जण होते ना?

जुना_नौपाडा

खरं आहे. मी तेव्हा मोजत बसलो होतो.

पाचपाखाडीकर

काल रात्री विचारलं. उत्तर जसंच्या तसं लिहितो.

फोन सकाळी ती उचलते. उचलून मिक्सरवर ठेवते, मिक्सर लागला की फ्रिजवर, आणि मी अंघोळीहून आलो की परत पिठाच्या डब्यावर, "तुला तिथेच दिसावा म्हणून". दरम्यान माझ्या आईचा फोन येतो तो तीच घेते, सोसायटीचा वॉचमन बोलावतो ते तीच ऐकते. साडेसहाचा अलार्म बंद करायला गेले वर्षभर तीच स्टुलावर चढते आहे. मला वाटत होतं मी अलार्म नसतानाच उठतो.

म्हणजे मांडणीचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, पण मांडत कोण होतं ते आत्ता कळलं. एकवीस दिवसही मागे घेतो. घोडबंदरींच्या मॅनेजरवर माझ्याकडे उपाय नाही.

फोन आता बाहेर, चपलांच्या कपाटावर आहे, आणि अलार्मसाठी स्टेशनजवळून टिकटिकणारं घड्याळ आणलंय. रात्री सवयीने कॅलेंडरपाशी गेलो तर उद्याच्या चौकोनात तिच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: "दळण, ५ किलो, तू". दुसरं काही मावत नाही.