बेंजामिन ब्रिटनचं ‘वॉर रेक्विएम’ आणि बाकीचं : कुठलं रेकॉर्डिंग ऐकू?

रातकिडा :

गेल्या महिन्यात इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं ‘वॉर रेक्विएम’ (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना) पहिल्यांदा लावलं. सुरुवात इतकी हळू की हेडफोनमध्ये काही ऐकूच येईना. आवाज वाढवला, आणि दहाएक मिनिटांनी असा काही दणका बसला की हेडफोन ओढून फेकले. दुसऱ्या दिवशी धीर करून शेवटापर्यंत ऐकलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आता नीट ऐकायचंय, तर एकेका रचनेची रेकॉर्डिंगं ढिगाने सापडतात. ब्रिटनने स्वतः कंडक्ट केलेलीही बरीच आहेत. डोळे मिटून तीच घ्यावीत का? आपलीच कविता वाईट वाचणारे कवी आपण सगळ्यांनी ऐकलेत, म्हणून विचारतोय. मला स्टाफ नोटेशन येत नाही, कान हिंदुस्तानीवर तयार झालाय. ऑपेराची तर भीतीच वाटते, पण ‘पीटर ग्राइम्स’चं नाव जो तो घेतो.

तीव्रमध्यम :

दणका ‘डिएस इरे’चा, म्हणजे कयामतीच्या दिवसाच्या भागाचा असणार. तो सगळ्यांना बसतो.

ब्रिटन कंडक्टर म्हणून पक्का होता, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’. एका ठिकाणी ‘नाही’, ते पुढे येईल.

‘वॉर रेक्विएम’ १९६३चंच घ्या, डेक्का कंपनीचं, ब्रिटनचं स्वतःचं. १९४०च्या नोव्हेंबरात जर्मन बॉम्बहल्ल्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल जळालं. भग्न भिंतींना लागून नवीन उभं राहिलं, त्याच्यासाठी हे लिहिलं गेलं. पहिला प्रयोग ३० मे १९६२. गायक तीन देशांचे हवे होते : इंग्रज पीटर पिअर्स, जर्मन डीट्रिश फिशर-डिस्काऊ, रशियन गालिना विष्नेव्हस्काया. सोव्हिएत सरकारने तिला येऊ दिलं नाही, त्यामुळे कॉव्हेंट्रीत हेदर हार्पर गायली. तिघं एकत्र आले ते पुढच्या जानेवारीत, लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये, या रेकॉर्डिंगला. आणि आल्या आल्या बाईंनी आकांडतांडव केलं. दोघे पुरुष पुढे आणि मला मागे कोरसबरोबर, हा अपमान आहे म्हणून चक्क जमिनीवर आडव्या पडल्या. मग गायल्या ते मात्र सुरीच्या पात्यासारखं.

त्यांची जागा मागे होती त्याला कारण आहे. सोप्रानो (उंच पट्टीची गायिका, म्हणजे त्या), कोरस आणि मोठा वाद्यवृंद लॅटिन प्रार्थना गातात. दोघे पुरुष छोट्या वाद्यमेळाबरोबर विल्फ्रेड ओवेनच्या कविता गातात (ओवेन पहिल्या महायुद्धात मारला गेला, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना). मुलांचा कोरस ऑर्गनबरोबर कुठून तरी लांबून येतो. हे तीन थर कानाला वेगळे कळले नाहीत तर सगळा काला होतो. निर्माता जॉन कलशॉने साठ वर्षांपूर्वीच्या टेपवर ते असे काही मांडलेत की मुलांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात.

आता तुमच्या कानासाठी एक गंमत. सुरुवातीला घंटा आणि कोरस ज्या दोन स्वरांना धरून बसतात ते म्हणजे सा आणि तीव्र मध्यम. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेवर पंचमाऐवजी कोणी तीव्र मध्यम लावून ठेवावा आणि गवयाला ‘गा’ म्हणावं, तसं. पहिला भाग संपताना सगळी वाद्यं थांबतात, कोरस एकटा उरतो, आणि तो तीव्र मध्यम हलकेच शुद्ध मध्यमावर उतरतो. एकूण तीनदा होतं हे. शेवटचं उतरणं अगदी शेवटी. ते ऐकायला खोली शांत हवी, हेडफोनचा उपयोग तिथे. दणक्यासाठी स्पीकर बरे.

फिशर-डिस्काऊचे इंग्रजी उच्चार थोडे जड आहेत. असू देत. हा माणूस जर्मन सैन्यात होता, युद्धकैदी झाला होता, आणि शेवटच्या भागात तो मेलेल्या सैनिकाच्या तोंडचं गातो : मित्रा, तू मारलेला शत्रू तो मीच.

‘नाही’ म्हणालो ते ‘पीटर ग्राइम्स’साठी, म्हणजे अख्खं गाव ज्याच्यावर उलटतं त्या कोळ्याच्या ऑपेरासाठी. ब्रिटनचं १९५८चं रेकॉर्डिंग नितळ आहे, समुद्र तर अंगावर येतो. पण पिअर्सचा ग्राइम्स हा समजूतदार, कविमनाचा कोळी वाटतो मला. १९७८चं, कॉलिन डेव्हिसने कंडक्ट केलेलं ऐका, ग्राइम्स जॉन व्हिकर्सने गायलाय त्यात. तिसऱ्या अंकात वाद्यवृंद गप्प होतो. राहतो पडद्याआडचा एक ट्यूबा, धुक्यातल्या भोंग्यासारखा, आणि ग्राइम्सच्या नावाने हाका मारणारं लांबचं गाव. त्यात व्हिकर्स जे तुकड्या-तुकड्याने बरळतो, त्याला गाणं म्हणावं की नाही मला ठरवता आलेलं नाही. ब्रिटनला हा ग्राइम्स आवडला नव्हता म्हणतात. त्याला नसेल आवडला.

चेलोवाली :

तीव्रमध्यम, तुमचं व्हिकर्सप्रेम इथे सगळ्यांना पाठ आहे. :) तो शब्दसुद्धा स्वतःच्या मर्जीने बदलतो, आणि ग्राइम्स पहिल्या पानापासून राक्षस झाला की गावाचं पाप हलकं होतं. रातकिडा, आधी १९५८चंच ऐका. पिअर्सचा आवाज सुरुवातीला नाकातला वाटेल, तासाभराने वाटणार नाही. अख्ख्या ऑपेराची धास्ती असेल तर त्यातले चार ‘सी इंटरल्यूड्स’ (प्रवेशांच्या मधले नुसत्या वाद्यवृंदाचे तुकडे) घ्या. अमेरिकन कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइनने १९४६त टँगलवूडच्या संगीत महोत्सवात ‘ग्राइम्स’चा अमेरिकेतला पहिला प्रयोग केला होता, आणि ऑगस्ट १९९०मध्ये त्याच टँगलवूडला त्याच्या शेवटच्या मैफलीत हेच इंटरल्यूड्स वाजवले. संथ, जड, आजारी माणसाने वाजवलेले. मला तेच आवडतात.

चेलोबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. ‘चेलो सिम्फनी’ रशियन चेलोवादक रोस्ट्रोपोविचसाठीच लिहिलेली, वाजवणारा तो आणि कंडक्टर ब्रिटन, त्यापुढे बाकीच्यांची गरज नाही. एकट्या चेलोचे तीन ‘सुइट्स’ही त्याच्यासाठीच. पण त्याने रेकॉर्ड केले पहिले दोनच. तिसरा, सगळ्यात अंतर्मुख, राहिला. तिन्ही एकत्र हवे तर ट्रुल्स मॉर्ककडे जा.

आणि ब्रिटनची तिसरी स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) विसरू नका. शेवटचा भाग १९७५च्या नोव्हेंबरात व्हेनिसमध्ये पुरा केला, पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला ब्रिटन गेला, आणि पंधरा दिवसांनी तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला. ‘टाकाच क्वार्टेट’ नावाच्या चौघा वादकांचं रेकॉर्डिंग घ्या. शेवटचा स्वरमेळ पूर्ण होतच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फाइल अर्धवट उतरली असं वाटून पुन्हा डाउनलोड केली होती.

तीव्रमध्यम :

बर्नस्टाइनला माझं अनुमोदन, राक्षसाला नाही.

एक राहिलं. ‘सेरेनेड’, टेनर (उंच पट्टीचा पुरुष आवाज), हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी, १९४३. हॉर्नवादक डेनिस ब्रेनसाठी लिहिलेली, आणि १९४४च्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलीय त्यानेच. खरखर आहे, पण १९५७त तो मोटार अपघातात गेला, अवघा छत्तीस वर्षांचा. स्वच्छ आवाज हवा तर १९६३चं बॅरी टकवेलचं. सुरुवातीचा एकल हॉर्न वाल्व्ह न दाबता, नुसत्या नैसर्गिक स्वयंभू स्वरांवर वाजवायचा असतो. बरेच जण हॉर्न बेसूर आहे म्हणून रेकॉर्डिंग बदलतात. तुम्ही बदलू नका. अकरावा स्वयंभू स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. पियानोवर तो नाहीच, आपल्या पेटीवरही नाही.

रातकिडा :

दोघांचेही आभार. काल रात्री ‘सेरेनेड’ ऐकलं, आधी टकवेल, मग ब्रेन. तो मधला मध्यम सापडला. पहिल्या वेळी तोंडातून ‘अरेरे’ निघालं, तिसऱ्या वेळी गुणगुणून बघत होतो. जमत नाही, घसा कुठल्या तरी एका मध्यमाकडे ओढतोच.

‘वॉर रेक्विएम’चं ते शेवटचं उतरणं आज रात्री. ‘ग्राइम्स’चं तुमचं दोघांचं काय ते ठरलं की सांगा, तोवर इंटरल्यूड्स.

चेलोवाली :

ठरणार नाही. १९५८ लावा.