सर्वोच्च बिंदूचे त्वरण २०० की ४००?

प्रश्न:
०.५ मीटर त्रिज्येचे चाक सपाट जमिनीवर न घसरता घरंगळत आहे. त्याच्या केंद्राचा वेग सेकंदाला १० मीटर असा स्थिर आहे, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला २० रेडियन. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असल्याने त्यालाच फिरण्याचे केंद्र मानले, तर १ मीटर उंचीवरील सर्वोच्च बिंदूचा वेग सेकंदाला २० मीटर येतो आणि तो बरोबर आहे. मात्र त्याच रीतीने त्वरण (कोनीय वेगाचा वर्ग गुणिले केंद्रापासूनचे अंतर) काढले तर ४०० मीटर प्रति सेकंद वर्ग येते. चाकाच्या मध्यापासून मोजले तर २००. वेगाला चालणारी युक्ती त्वरणाला का चालू नये?

उत्तर:
चालते, पण आपण ती अर्ध्यावर सोडली आहे. स्पर्शबिंदूचा वेग शून्य आहे, त्वरण नव्हे. चाकाचा मध्य स्थिर वेगाने सरळ रेषेत जात असल्यामुळे त्याला त्वरण नाही, आणि म्हणून कडेवरील प्रत्येक बिंदूचे त्वरण २०० असून ते मध्याकडे रोखलेले असते. स्पर्शबिंदूच्या बाबतीत ते सरळ वर असते. आपले ४०० हे स्पर्शबिंदूच्या सापेक्ष, खालच्या दिशेचे त्वरण आहे. त्यात स्पर्शबिंदूचे स्वतःचे वरच्या दिशेचे २०० मिळवा, खाली २०० उरतात. स्पर्शानंतर ०.०१ सेकंदाने तो बिंदू सुमारे १ सेंटिमीटर वर आलेला असतो, पण पुढे जेमतेम ०.७ मिलिमीटरच सरकलेला असतो. त्याचे त्वरण कोणत्या दिशेला आहे, हे एवढ्यावरूनही दिसते.

आणखी एक उत्तर:
हाच ताळा मार्गाच्या वक्रतेवरूनही पाहता येतो. कडेवरील बिंदू जमिनीच्या दृष्टीने वर्तुळ नव्हे, चक्रज हा कमानीसारखा वक्र आखतो, आणि त्याच्या माथ्यावरील वक्रता त्रिज्या (त्या जागी वक्राशी सर्वात जवळून जुळणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) चाकाच्या त्रिज्येच्या चौपट, म्हणजे येथे २ मीटर असते. वेगाचा वर्ग ४००, भागिले २, बरोबर २००. वेग काढताना घेतलेले १ मीटर अंतर ही वक्रता त्रिज्या नव्हे, आणि बहुतेकांचा पाय नेमका येथेच घसरतो.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चाकाच्या मध्यालाही पुढच्या दिशेने त्वरण असेल, तर?

उत्तर:
मग सर्वोच्च बिंदूला त्याच्या दुप्पट आडवे त्वरण अधिक मिळते. स्पर्शबिंदूला मात्र, चाक घसरत नाही तोवर, आडवे त्वरण मुळीच नसते.