मदत हवी आहे: ४० किलोचा जुना स्प्रिंग हॅमर उभा करायचाय (काळी माती, वाहून गेलेलं व्हाइट मेटल, फ्रेमवर रेघ)

सेलूचा_भाता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या लोहारकामाच्या शेडसाठी जालन्याच्या भंगारातून जुना पॉवर हॅमर घेतला आहे. नेमप्लेट नाही. कमानपाट्यांचा स्प्रिंग हॅमर, वर क्रँक, ७२० मिमीची फ्लायव्हील-पुली, सपाट पट्टा. पायडल दाबलं की टेन्शन पुली पट्ट्यावर बसते. रॅम (वर-खाली होऊन ठोका देणारा भाग) वरच्या डायसकट (डाय म्हणजे लोखंड ज्यांच्यात चेपलं जातं ते ठोकळे) ४० किलो. ऐरणीचा ठोकळा वेगळा, काट्यावर ३९० किलो. फ्रेम ७०० च्या आसपास. क्रँकशाफ्ट बेअरिंगपाशी ५० मिमी. काम म्हणाल तर कुऱ्हाडी, ऊसतोडीचे कोयते, कुळवाच्या पासा, पहारी. ४० मिमी चौरसापेक्षा जाड काही नाही.

आता रडगाणं. गाइडमध्ये रॅम हलतो. खालच्या टोकाला १.४ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातं, वरच्या टोकाला ०.५ चं. क्रँकच्या बेअरिंगमधलं व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचं अस्तर) वाहून गेलंय, एका बाजूला शाफ्ट थेट बिडावर फिरलेला दिसतो. कमानीचा दुसरा पाटा मधल्या बोल्टच्या भोकातून तुटलेला. फ्रेमच्या घशात, आतल्या गोलाईत केसाएवढी रेघ आहे. चीर की ओतकामाची खूण, कळत नाही. मोटर नव्हतीच, ३ एचपी, १४४० आरपीएमची एक पडून आहे. ती चालेल का?

शेडखाली काळी माती. सहा फूट खणून पाहिलं, मुरूम लागला नाही. मृगाच्या आधी चालू व्हावा अशी इच्छा आहे, कारण तेव्हाच फाळ-पासा पाजवायला गर्दी असते. सुरुवात कुठून करू?

फिलर_गेज

मोटरचा विचार शेवटी. आधी ती रेघ. फ्रेम गेली असेल तर बाकी खर्च मातीत.

जागा वायर ब्रशने आणि थिनरने साफ करा, रंग पूर्ण काढा. रेघेवर रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास मुरू द्या. मग कापडाने कोरडं पुसा, वर खडूची पूड पातळ चोळा आणि ऐरणीच्या बाजूला घणाचे हलके ठोके द्या. चीर असेल तर आत गेलेलं तेल खडूवर ओली रेघ काढतं. ओतकामाची खूण असेल तर खडू कोरडाच राहतो. त्याहून पक्कं हवं असेल तर डाय पेनिट्रंटचे (चिरेत शिरणाऱ्या रंगाचे) तीन स्प्रे मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर.

चीर निघाली तर लगेच वेल्डरला हाक मारू नका. हॅमरचा घसा प्रत्येक ठोक्याला उघडायला बघतो, आणि बिडाच्या वेल्डिंगशेजारचा भाग ठिसूळ होतो. चीर मग जुन्या जागेऐवजी वेल्डच्या कडेने पळते. माझं मत विचाराल तर चिरेच्या दोन्ही टोकांना ८ मिमीची भोकं पाडून तिची वाट अडवा, आणि घशाच्या दोन्ही अंगांना उभे टाय-रॉड द्या. ३२ मिमीचे ईएन ८ स्टीलचे रॉड, वर-खाली २५ मिमी जाडीच्या प्लेटा. रॉड मधोमध गॅसने साधारण १५० अंशांपर्यंत तापवायचा, तापलेला असतानाच नट आवळायचा. थंड होताना तो फ्रेमला दाबून धरतो. वेल्डिंग करायचंच झालं तर निकेल-आयर्न रॉड (५५ टक्के निकेलचा), एका वेळी २५-३० मिमीचाच टाका, लगेच छोट्या हातोडीने ठोकून घ्या, हाताला सोसेल इतकं निवल्यावर पुढचा. टाय-रॉड तरीही लागतीलच.

मुरूमवाला

सहा फुटांवर मुरूम नाही म्हणजे दुधना काठचीच जमीन दिसतेय. तिकडं माती खोल असते, त्यामुळं मुरूम शोधत खाली जाण्यापेक्षा मुरूम वर आणा.

हिशोब बघा. हॅमरच्या फाउंडेशनचं वजन रॅमच्या ६० ते १२० पट धरतात. तुमच्या ४० किलोला १.५ × १.२ मीटरचा, १ मीटर खोल ठोकळा म्हणजे १.८ घनमीटर, जवळपास ४.३ टन. शंभर पटीच्या थोडा वर, पुरेसा आहे. पण हा ठोकळा आणि मशीन मिळून जमिनीवर दर चौरस मीटरला फक्त तीन टन दाब येतो. काळी माती ओली झाली की तिचा फुगण्याचा जोर याच्या कितीतरी वर जातो. म्हणून हॅमर खाली खचण्याआधी एका बाजूने वर उचलला जातो. उन्हाळ्यात भेगा पडल्या की परत खाली बसतो, पण वाकडा.

करायचं असं: २.५ × २.२ मीटरचा खड्डा, २ मीटर खोल. भिंती सरळ ठेवू नका, उतार द्या; उन्हाळ्यातली भेगाळलेली माती एकदम ढासळते. तळाला ९० सेंमी मुरूम, १५० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून यांत्रिक ठोकणीने दाबलेला. त्यावर १०० मिमी साधं काँक्रीट, मग ठोकळा. ठोकळ्याच्या चारी बाजूंनाही मुरूमच भरा, निघालेली काळी माती परत टाकू नका. तळाला अडीच आणि बाजूंना दीड, असे एकूण चार ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतील. मुरूम आणताना मुठीत ओला करून वळून बघा. गोळा चिकट होऊन लांब वळला तर तो मुरूम नाही, मातीच आहे.

काँक्रीट १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी), सिमेंटच्या १५ गोण्या धरा. १२ मिमीचं स्टील १५० मिमीवर, वर आणि खाली दोन्ही जाळ्या, बाजूंनी उभे बार. सगळं एकाच दिवशी, एका दमात ओता. मधे थांबलात तर जो सांधा पडतो तो हॅमर पहिल्याच वर्षी उघडा करतो. १४ दिवस पाणी आणि २८ दिवसांआधी ठोका नाही.

शेडच्या फरशीला आणि भिंतीला हा ठोकळा चिकटू देऊ नका, सगळीकडून ५० मिमी फट ठेवून थर्माकोल भरा. छपराचं पाणी दीड-दोन मीटर लांब न्या. पाणी द्यायची टाकीही फाउंडेशनजवळ नको. ती रोज थोडी सांडते आणि एकाच कोपऱ्याची माती फुगते.

तपशील हवा असेल तर आयएस २९७४ या भारतीय मानकाचा भाग २ खास हॅमरच्या फाउंडेशनवरच आहे.

सेलूचा_भाता

मुरूमवाला भाऊ, आभार. ऐरण थेट काँक्रीटवर ठेवायची का?

मुरूमवाला

अजिबात नाही. काँक्रीटचा भुगा होतो. ऐरणीखाली ७५ मिमी जाड बाभळीच्या किंवा सागाच्या फळ्या, वाळलेल्या, रंधून एका पातळीत आणलेल्या आणि जळक्या तेलात बुडवून काढलेल्या. बाभूळ वाळलेली नसेल तर साखर कारखान्याचा जुना कन्व्हेयर बेल्ट बघा, १०-१२ मिमीचे तीन थर. फ्रेमखाली वेगळा तुकडा, ऐरणीखाली वेगळा. फ्रेमचे बोल्ट २४ मिमी, ६०० लांब, ७५ मिमीच्या पाइपात मोकळे सोडलेले, म्हणजे जागा थोडी इकडेतिकडे करता येते. डबल नट.

व्हाइटमेटल

बेअरिंगबद्दल. आधी शाफ्ट लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावा. बिडावर घासलेला आहे म्हणता, तर ओरखडे आणि लंबगोलपणा असणारच. ०.०५ मिमीच्या वर लंबगोल असेल तर ग्राइंड करून घ्या. मगच ओतकाम, उलट क्रमाने केलं तर वाया.

मेटल कथलाचं घ्या, ८४ टक्के कथील असलेलं. शिशाचं स्वस्त मिळतं पण दणक्याला पसरतं. बिडाच्या घरातल्या (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागातल्या) जुन्या खाचा आणि भोकं टोकदार अवजाराने साफ करा, मेटल त्यांनाच धरून राहतं. शाफ्टवर धुरकट गॅसच्या ज्योतीने काजळी धरा म्हणजे चिकटत नाही. दोन्ही टोकं भट्टीच्या मातीने बंद करा. ही माती पूर्ण वाळलेली हवी. ओल राहिली तर वितळलेलं मेटल तोंडावर उडतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. घर आणि शाफ्ट दोन्ही १२० अंशांच्या वर तापवून घ्या. थर्मामीटर नसेल तर मेटलमध्ये पाइनची काडी बुडवा: काडी लगेच तपकिरी झाली पण पेटली नाही की ओतायची वेळ. पेटली तर जास्त तापलंय, कथील जळतंय. पळीने थांबून थांबून नाही, एका धारेत ओता.

टोपी आणि बुडाच्या मधे दोन्ही बाजूंना ०.१ मिमीच्या पितळी शिमा (पातळ पत्र्या), चार-चार. पुढे झीज झाली की एकेक काढायची. नंतर शाफ्टला मार्किंगचा निळा रंग लावून फिरवा आणि जिथे डाग लागेल तिथे स्क्रेपरने खरवडा, खालच्या अर्ध्यात ७५ टक्के तरी डाग दिसेपर्यंत. मोकळीक ०.०६ ते ०.०८ मिमी. मोजायला पातळ शिशाची तार आत ठेवून टोपी आवळा, काढून मायक्रोमीटरने बघा. तेलाची खाच दोन्ही टोकांच्या १० मिमी आधी थांबवा, नाहीतर तेल आत न थांबता बाहेर गळतं.

तीन_फेज

एवढी खटपट नको असेल तर बॉल बेअरिंगचे पेडेस्टल लावून टाका ना. युसीपी २१० कुठल्याही दुकानात मिळतो.

व्हाइटमेटल

युसीपी नको. त्याचं घर पातळ बिडाचं असतं आणि बॉलचा स्पर्श एका बिंदूवर. ठोक्याने रेसवर खळगे पडतात आणि महिन्याभरात घरघर सुरू होते. बदलायचंच असेल तर एसएन ५११ चं प्लमर ब्लॉक, त्यात २२२११ के स्फेरिकल रोलर आणि एच ३११ स्लीव्ह, हे ५० मिमी शाफ्टला बसतं. पण त्याची सेंटर-उंची जुन्या घराशी जुळणार नाही, बैठक तासावी लागेल. ज्या फ्रेमला चीर असण्याची शंका आहे तिथे आणखी बीड काढायला मी तरी तयार होणार नाही.

फिलर_गेज

गाइडचं राहिलं. तुमचे आकडे बघून जिब (गाइडमधल्या आवळायच्या पट्ट्या) नुसते आवळू नका. खाली १.४ आणि वर ०.५ म्हणजे गाइड निमुळतं झिजलंय. खालची मोकळीक काढायला आवळलंत तर रॅम वर जाऊन अडकेल. गाइड आणि रॅमचे चारही अंग आधी शेपर किंवा सरफेस ग्राइंडरवर सरळ करा, मग मागे शिमा घालून ०.२५ मिमी मोकळीक ठेवा. त्याहून कमी ठेवली तर रॅम तापल्यावर धरतो.

कमानीसाठी तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग नको. कमानवाल्याकडून पूर्ण संच ईएन ४५ स्प्रिंग स्टीलचा नवीन करून घ्या, जुन्याच मापाचा: रुंदी, जाडी, पाट्यांची संख्या. जाड पाटा टाकला की ताकद वाढते हा गैरसमज आहे. कमान कडक झाली तर रॅम झोकाने फेकला जात नाही, नुसता क्रँकबरोबर वर-खाली होतो. तुमचा पाटा भोकातून तुटला, म्हणजे यू-बोल्ट ढिले होते आणि सगळा ताण मधल्या बोल्टवर गेला. क्लॅम्पच्या कडेला पाट्यांखाली कॅनव्हासचा तुकडा द्या, कडा चावत नाही. ग्राइंडरचे आडवे ओरखडे राहू देऊ नका, चीर तिथूनच निघते. आणि कमानीला पुढून जाळीचा किंवा पट्टीचा पिंजरा हवाच. तुटलेला पाटा सरळ कारागिराच्या तोंडाकडे येतो.

तीन_फेज

३ एचपी नको. ४० किलोला ५ एचपी, आणि शक्यतो ९६० आरपीएमची घ्या. ७२० च्या फ्लायव्हीलला मिनिटाला २५० ठोके हवेत तर १४४० च्या मोटरला १२५ मिमी पुली लागते. तेवढ्या लहान पुलीवर जाड पट्टा नीट वळत नाही आणि घसरतो. ९६० ला १९० मिमी येते. पट्टा १०० मिमी रुंद, जोड चिकटवलेला. लोखंडी क्लिपांचा जोड टेन्शन पुलीला दर फेरीत टोचतो.

टेन्शन पुली पट्ट्याच्या ढिल्या बाजूला, मोटर पुलीजवळ हवी. गंमत अशी की फेज उलटे आले की मोटर उलटी फिरते, ढिली बाजू ताणाची होते आणि पायडल पायाखाली उड्या मारायला लागतं. लोक स्प्रिंग बदलत बसतात. लाइनचं काम झालं असेल त्या दिवशी आधी मोटरचा फेरा बघा.

व्होल्टेज ४१५ ऐवजी ३५० मिळत असेल तर मोटरचा टॉर्क ७१ टक्क्यांवर येतो. ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरलाच ठेवा (५ एचपीला साडेसातच्या आसपास), ट्रिप होतो म्हणून वाढवू नका. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावाच. कनेक्शन गावठाण फीडरवर (शेतीच्या नव्हे, गावच्या लाइनवर) आहे ना?

सेलूचा_भाता

हो, गावठाणवर. खडूची टेस्ट केली. रेघेच्या वरच्या ४० मिमीत ओल उमटली, खाली कोरडी. म्हणजे चीरच. टाय-रॉडचं काम परभणीच्या लेथवर देतोय. डायची चावी (डाय खाचेत घट्ट धरणारी पाचर) बसवताना काय बघायचं? खालच्या डायची खाच एका कोपऱ्यात थोडी तुटलीय.

फिलर_गेज

४० मिमी म्हणजे वेळेत सापडली. भोक ओल संपते त्याच्या ५-६ मिमी पुढे पाडा, चीर दिसते त्यापेक्षा थोडी पुढे गेलेली असते.

डाय नवीन करताना डीबी ६ (डाय स्टील) घ्या, कडकपणा ४० ते ४४ एचआरसी. डोव्हटेलचे (डाय बसते त्या तिरप्या खाचेचे) आतले कोपरे टोकदार नकोत, ३ मिमी गोलाई द्या. तुमचा कोपरा याच कारणाने तुटला असणार. चावीला १:१०० चा उतार, निळं लावून पूर्ण लांबीत डाग येईपर्यंत कानशीने बसवा. फक्त एका टोकाला घट्ट बसलेली चावी कितीही ठोकली तरी सुटते, आणि जास्त ठोकली तर ऐरणीची खाच फाटते. डायच्या कडांना ४ मिमी गोलाई, नाहीतर कोयत्याच्या पात्यात घड्या पडतात.

चालू करताना क्रँक सर्वात खाली आणून बघा: दोन डायमध्ये २० मिमी मोकळं राहायला हवं. डाय टेकत असतील तर रॅमला झोका मिळत नाही आणि मशीन दाणदाण बंद पडतं. लोखंड नसताना डायवर डाय कधीच मारू नका. आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद आणि रॅमखाली लाकडी ठोकळा. बेअरिंगला उन्हाळ्यात व्हीजी १०० चं जाड तेल, पातळ तेल ४२ अंशांना टिकत नाही. पहिला आठवडा रोज संध्याकाळी फाउंडेशनचे नट, यू-बोल्ट आणि चावी तपासा. चावी सगळ्यात आधी ढिली होते.

मुरूमवाला

मृगाचं बोलायचं तर खड्डा याच आठवड्यात घ्या. २८ दिवस काँक्रीटलाच लागतात, लेथचं काम तोवर होईल.