अनुभव धागा : गरम हवेची नळी, कणकुंबीचा पाऊस आणि बंद पडणारी गाडी

परवा शेजारच्या पोरानं माझ्या जुन्या कार्बुरेटरच्या (पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीचं बॉनेट उघडून विचारलं, "काका, एअर क्लीनरच्या चोचीला, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडाला, खालून ही दुसरी नळी कशाला?" त्याला सांगता सांगता वाटलं, आपल्या भागात या नळीनं बऱ्याच जणांना छळलं असणार. ज्याला जे आठवतं ते लिहा. सुरुवात मी करतो.

जुलै महिना, चोर्ल्याहून बेळगावला परत येत होतो. कणकुंबी मागं पडली आणि गाडीची ओढ गेली, मग आयडलिंगला धाप लागून बंदच पडली. करंट होता, पेट्रोल येत होतं. धुक्यात सिगरेटी ओढत दहा मिनिटं काढली, चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात चालू! जांबोटीच्या अलीकडं पुन्हा तेच. या खेपेला लगेच बॉनेट उघडलं. कार्बुरेटरच्या बुडाला, थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेच्या) जागी, फ्रिजरमध्ये धरतं तसं पांढरं धरलं होतं. बोट लावलं तर सुन्न.

पेट्रोलची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, त्यात कार्बुरेटरच्या गळ्याच्या अरुंद जागी हवेचा दाब कमी होतो, आणि तिथलं तापमान 20 अंशांनी सुद्धा खाली येऊ शकतं. बाहेर 18-20 अंश आणि हवा पाण्यानं भरलेली, मग बर्फ होणारच. गाडी थांबली की इंजिनच्या उष्णतेनं तो वितळतो. मेकॅनिक येईपर्यंत पुरावा गायब, आणि आपण खोटे ठरतो! एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपावरच्या) पत्र्याच्या कवचातून गरम हवा आणणारी नळी कुणा गॅरेजवाल्यानं "बर्फाच्या देशातली भानगड" म्हणून काढून टाकली होती. नवी लावली, आजतागायत त्रास नाही.

उद्यमबागेतून

नळी असून भागत नाही हो, आतली झडप हलली पाहिजे. मी तीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चोचीत एक पत्र्याचा फ्लॅप, म्हणजे ही झडप, असतो. वर छोटा डबा, डब्यात रबराचा डायफ्रॅम (पातळ पडदा), त्याला व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनच्या ओढीची, बारीक नळी. ती एअर क्लीनरच्या आत बसवलेल्या बटणासारख्या सेन्सरमधून जाते, आणि त्या सेन्सरात दोन धातूंची पट्टी असते. हवा गार असली की सेन्सर व्हॅक्यूम डब्याला पोचू देतो, फ्लॅप वर उचलला जातो, गार हवेचं तोंड बंद आणि मॅनिफोल्डकडची वाट मोकळी. हवा तापली की पट्टी वाकून व्हॅक्यूम सोडून देते, फ्लॅप हळूहळू खाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूमच कमी होतो, फ्लॅप खाली येतो, तेव्हा गार हवा मिळते आणि चढावर ताकद येते. हे ज्यानं काढलं त्याला सलाम.

तपासायचं सकाळी, इंजिन थंड असताना. चोचीसमोर दाढीचा आरसा धरा. इंजिन बंद असताना फ्लॅप खाली हवा. स्टार्टर मारला की लगेच वर. गाडी तापत जाईल तसा तो खाली येताना दिसला पाहिजे. वर गेलाच नाही तर डब्याची नळी काढून तोंडानं ओढा आणि टोक जिभेनं बंद करून धरा. फ्लॅप वर जाऊन तिथंच राहिला तर डबा ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा मधल्या नळीत. घसरून खाली आला तर डायफ्रॅम फाटलेला. सेन्सरला घरचा हेअर ड्रायर दाखवूनही फ्लॅप जिथल्या तिथं असेल तर सेन्सर गेला. काही गाड्यांत व्हॅक्यूम नाही, मेणाची गोळी असते. तिथं गाडी बंद नि थंड असतानाच फ्लॅप गरम हवेकडं असतो, म्हणजे अगदी उलटं. ते बघून घ्या, नाहीतर चांगला भाग बदलाल.

निपाणीहून

माझं उलटं झालं होतं. फ्लॅप गंजून गरम हवेकडंच अडकलेला. पावसाळ्यात, हिवाळ्यात मजेत. मे महिन्यात तवंदी घाट चढताना इंजिनात खडखड आणि पिकअप शून्य. मी पेट्रोल पंपाला शिव्या घालत होतो! हवा 10 अंशांनी तापली की साधारण 3 टक्के विरळ होते, आणि इथं तर दुपारच्या हवेवर आणखी मॅनिफोल्डची भाजलेली हवा. गंज काढून फ्लॅपच्या पिनीवर थोडं वंगण दिलं, एवढंच.

येळ्ळूरहून

कारचं मला कळत नाही, आमचा ट्रॅक्टर सांगतो. इनलेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात) कॉइल आहे. ती लाल झाली की तिच्यावर डिझेलचे थेंब पडून जळतात आणि आत जाणारी हवा तापते. चावी हीटरवर धरून पंधरा-वीस सेकंद थांबायचं, मगच स्टार्टर. वडील आयुष्यभर न थांबता चावी फिरवत आणि बॅटरीला दोष देत. एका डिसेंबरात त्यांनी हवेच्या पाइपासमोर पेटता बोळा धरलेला मी पाहिला, मी ओरडलो, "अप्पा, काय करूलास गा!" बाजूला गवताची गंजी होती. नंतर बघतो तर कॉइलच्या वायरीचा नट ढिला, आणि डिझेल येणारी बारीक नळी चोंदलेली. आणखी एक, असा हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या कॉइलवर तो भडकतो.

टिळकवाडीतून

नव्या गाडीत ही नळी शोधत अर्धा तास घालवला, म्हणून लिहिते. पेट्रोल इंजेक्टरनं व्हॉल्व्हजवळ फवारलं जातं, गळ्यात वाफ होत नाही, त्यामुळं तसला बर्फ नाही. त्याऐवजी हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. माझ्या गाडीचा मल्टिमीटरवर सकाळी अडीच किलोओहमच्या आसपास रोध दाखवत होता, ड्रायर लावल्यावर आकडा उतरत गेला, म्हणजे चालतोय. ड्रायर मात्र आईचा होता, त्याला आता पेट्रोलचा वास येतो असं तिचं म्हणणं.

पुन्हा मी

उद्यमबागेचा आरसा आज सकाळी करून बघितला. फ्लॅप वर गेला, पण पूर्ण नाही, बोटभर फट राहिली. तोंडानं ओढून बघितलं, थोडा घसरतो. उद्या डबा शोधायला निघतो.