आर नवं टाकलं की पॅकेजेस जातात कुठे?

आर म्हणजे संख्याशास्त्राच्या कामाची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि पॅकेजेस म्हणजे तिला जोडायची तयार अवजारं. नवं आर टाकल्यावर जुनी पॅकेजेस पुसली गेली, अशी तक्रार कुणीतरी केली. पुसली जात नाहीत हो! विंडोजवर आरच्या ४.३ आणि ४.४ या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, फक्त प्रत्येकीचं बिऱ्हाड, म्हणजे पॅकेजेसचं फोल्डर, वेगळं. २०२२ साली ४.२.० आलं तेव्हा हे फोल्डर डॉक्युमेंट्समधून उठून ॲपडेटामधल्या लोकलमध्ये गेलं, आणि ॲपडेटा मुळात लपवलेलंच असतं. आता सापडणार कसं?

मीही फसलोय. पुतणीचं पीएचडीचं काम आमच्या बडोद्याच्या घरच्या लॅपटॉपवर चालतं. मी शहाणपणा करून जुनं फोल्डर अख्खं उचलून नव्यात ओतलं. निम्मी पॅकेजेस चालली, निम्मी रुसली. "काका, नुसती नावांची यादी काढून नव्याने टाकायची होती ना!" संध्याकाळ त्यातच गेली.

अजून एक. टाकताना मध्येच 'सोर्सवरून कंपाइल करू का' (म्हणजे मूळ कोडपासून पॅकेज इथेच बनवू का) असं विचारतं, तिथे सरळ 'नाही' म्हणा. थोडं जुनं पण तयार पॅकेज मिळतं. 'हो' म्हणायचंच असेल तर आधी आरटूल्स (विंडोजवर पॅकेज बनवायची साधनं) हवं, तेही जोडीचं: ४.३ ला ४३, ४.४ ला ४४. आमच्याकडे ४२ पडून होतं, म्हणून तर लाल अक्षरांचा पाऊस पडला.