नळावरचा पांढरा थर आणि कडाप्प्याचा ओटा

प्रश्न: आमच्याकडे बोअरवेलचे पाणी असल्याने न्हाणीघरातील नळांवर पांढरा थर साचतो. तो लिंबाने काढता येईल का, आणि स्वयंपाकघरातील कडाप्प्याच्या ओट्यालाही तेच चालेल का?

उत्तर: नळांना चालेल. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे आम्लात विरघळतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि मग जुन्या टूथब्रशने घासून धुवावे.

उत्तर: ओट्याला मात्र कृपया लावू नका. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर या दगडांतही तेच कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लामुळे त्यांची झिलई जाते. माझ्या ओट्यावर लिंबाच्या फोडीचा गोल डाग आजही दिसतो. साबणाचे कोमट पाणी पुरेसे आहे.

उत्तर: ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.