टाइप १ मधुमेहात किडनी जाते ती हलगर्जीपणाने की अनुवंशाने?

धागाकर्ती: माझा मुलगा नऊ वर्षं इन्सुलिनवर आहे. माझ्या भावालाही टाइप १ आहे आणि त्याचं डायलिसिस सुरू आहे. नातेवाईक म्हणतात, "मामानं पथ्य पाळलं नाही." त्याच्या वह्या मी पाहिल्यात. रोज चारदा बोट टोचून लिहिलेले आकडे, पानांवर कुठेकुठे रक्ताचे ठिपके. १९८९ साली अमेरिकेत टाइप १ असलेली भावंडं तपासली होती. एकाची किडनी बिघडलेली असेल तर त्याच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्के जणांत तोच त्रास. एकाची शाबूत असेल तर फक्त १७ टक्के. मग दोष माणसाला का द्यायचा?

सातारकर: पटलं नाही. त्या अभ्यासात भावंडं इनमिन चाळीसेक. शिवाय भावंडं एकाच स्वयंपाकघरात वाढतात, तो वारसाच नाही का? उलट डीसीसीटी या टाइप १ वरच्या मोठ्या अभ्यासात (निकाल १९९३ साली) १४४१ रुग्ण होते. साखर काटेकोर सांभाळलेल्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन उतरण्याचं, म्हणजे किडनी बिघडू लागल्याच्या खुणेचं, प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. मी स्वतः सव्वीस वर्षं टाइप १ घेऊन जगतोय. जीन्सचं कारण एकदा सापडलं की पोरं डोस चुकवायला लागतात, याची मला भीती वाटते.

लॅबवाली: २०१९ साली टाइप १ च्या सुमारे १९ हजार रुग्णांची जनुकं तपासली गेली. सीओएल४ए३ या जनुकातला एक बदल किडनीला राखतो असं दिसलं. किडनीच्या गाळणीचा पडदा ज्या कोलॅजनचा असतो, त्याचं हे जनुक. आणि साखर जास्त असलेल्यांत हा फायदा ठळक दिसला, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मात्र ते सगळे युरोपीय वंशाचे, आपल्याकडच्यांना हे तसंच्या तसं लावू नका. जीनची चाचणी राहू दे. मुलाच्या लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी बघता ना?

सातारकर: बीपीही बघा. आणि मामा-भाच्यात जीन्सचा वाटा साधारण पाव, एवढं घाबरू नका.

धागाकर्ती: गेल्या वर्षी तपासणी राहून गेली, ती चूक माझी. उद्या सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये देते. सातारकर, साखर सांभाळण्याबद्दल माझं दुमत नाहीच. पण डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसून आलेल्या माणसाला "गोड खाल्लंस ना?" असं विचारतात, ते मी यापुढे ऐकून घेणार नाही.